हँगर गेज: आठ महिने वापरल्यावर

हँगर गेज म्हणजे सायकलचा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा) वाकलाय का ते मोजायचं हत्यार. फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर चाललाय. मी माहीमला राहतो. पहाटे पाचला निघून वरळी सी-फेस, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी, तीन बत्तीचा चढ आणि परत, असं आठवड्यातून चारदा. सायकल ११ स्पीडची, कॅसेट (मागच्या चाकावरच्या अकरा दातेरी चकत्यांचा संच) ११-२८, म्हणजे सगळ्यात छोटी चकती ११ दातांची, सगळ्यात मोठी २८ ची.

गेल्या दिवाळीनंतर ती मधल्या गिअरांत करकरायला लागली. सगळ्यात छोट्या चकतीवर गप्प, सगळ्यात मोठीवर गप्प, मधल्या चार-पाचांवर खडखड. जवळच्या दुकानात तीनदा नेली. तिन्ही वेळा निदान एकच, "वायर सैल झालीय", आणि इलाजही एकच, बॅरल (गिअरच्या वायरचा ताण बदलणारा स्क्रू) दोन आटे फिरवायचा. पैसे घेऊन मोकळे. मोठ्या चकत्या शांत झाल्या की छोट्या बोंबलायला लागायच्या. चौथ्यांदा गेलो नाही.

खरं कारण आमच्या जिन्याखाली होतं. सायकल तिथेच उभी असते. कुणाचीतरी स्कूटर तिच्यावर कलंडली होती आणि वॉचमनने "कुछ नहीं हुआ साहब" म्हणत ती परत उभी करून ठेवली होती. झालं होतं. आरडी (रिअर डिरेलर, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याला लटकते तो हँगर चाकाकडे वाकला होता. तो मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकतो. पण वाकला की आरडी तिरकी होते, आणि ११ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत) जेमतेम पावणेचार मिलिमीटर. एवढ्याशा जागेत तिरकेपणा खपत नाही. बॅरलने आरडी आतबाहेर सरकते, सरळ होत नाही.

गेज म्हणजे एक लांब दांडा, एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला सरकणारी काडी. मला साधारण अडीच हजाराला पडला. ५ मिमीच्या अॅलन कीने आरडी उतरवायची, तिच्या जागी गेज घट्ट करायचा, आणि काडी रिमला टेकेपर्यंत सरकवायची. मग दांडा फिरवून बारा, तीन, सहा, नऊ वाजण्याच्या जागी काडी आणि रिममध्ये किती फट पडते ते बघायचं. एक युक्ती सुरुवातीलाच लक्षात ठेवा: दांड्याबरोबर चाकही फिरवायचं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी रिमचा तोच बिंदू समोर येतो. मी व्हॉल्व्हजवळचा धरतो. नाहीतर चाकाचं आउट (रिमचा वाकडेपणा) हँगरच्या माथी मारलं जातं.

पहिल्या दिवशी बाराला टेकवलेली काडी सहाला आणताना रिमवरच अडली. उलट केलं, सहाला टेकवली, तर बाराला बोट जाईल एवढी फट. पट्टी लावली, ९ मिमी. चार मिलिमीटरपर्यंत चालतं, म्हणून मी ४ मिमीची अॅलन कीच मापाला धरतो. फटीत ती ढिली फिरली तर काम बाकी. दांडा सहाच्या जागी धरून हलक्या हाताने बाहेर ओढायचा, सोडायचा, मोजायचं. धातू आधी रबरासारखा परत येतो आणि मग एकदम तळहाताला कळतं की आता तो थोडा वाकला. तिथेच थांबायचं. चौथ्या ओढीत ३ मिमीवर आला. आरडी लावली, बॅरल फक्त अर्धा आटा फिरवला, आणि अकराही गिअर शांत. रात्री साडेअकराला पॅसेजमध्ये मागचं चाक गरागरा फिरवत बसलो होतो. बायकोने दार उघडून बघितलं आणि काही न बोलता बंद केलं.

आता तक्रारी. स्वस्त गेजच्या सांध्यात खेळ असतो. दांडा प्रत्येक वेळी एकाच बाजूला दाबून धरला नाही तर माप दीड-दोन मिलिमीटरने खोटं येतं. पहिले दोन महिने मी हेच चुकत होतो आणि सरळ हँगर पुन्हा वाकवत होतो. अॅल्युमिनियम असं वारंवार सोसत नाही; एक जादा हँगर घरी ठेवलाय. घेताना जुना सोबत न्या, कारण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा. काडीचा स्क्रूही आपोआप सैल होतो.

जुलैत करकर परत आली. गेज लावला, २ मिमी. म्हणजे हँगर निर्दोष, आणि माझ्या मते या गेजचा खरा उपयोग इथे झाला: कशाला हात लावायचा नाही हे कळलं. या वेळी लक्षण वेगळं होतं. मोठ्या चकतीकडे गिअर झटक्यात जायचा, छोटीकडे येताना घुटमळायचा. तिकडे आरडीला फक्त तिची स्प्रिंग नेते, आणि वायर आत घासत असेल तर स्प्रिंग कमी पडते. मागच्या चाकाजवळचा आउटरचा (वायरवरच्या नळीचा) शेवटचा वळसा काढून उभा धरला, तर त्यातून चहासारखं पाणी टपकलं. खारी हवा आणि पावसाळा. स्टेनलेसची वायर आणि नवा आउटर घातला. आउटर गिअरचाच मागा. ब्रेकचा आतून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, तो दबतो आणि गिअर डगमगतात.

सप्टेंबरची फजिती मात्र सर्वस्वी माझी. चेन ताणली गेली म्हणून नवी टाकली, कॅसेट जुनीच ठेवली. तीन बत्तीच्या चढावर उभं राहून जोर लावला आणि १९ दातांच्या चकतीवर चेन सटकली. गुडघा हँडलबारवर. १७ वरही तेच, बाकी सगळ्या ठीक, कारण मी बाराही महिने या दोनच चकत्यांवर चढतो आणि त्यांचे दात जुन्या चेनच्या मापाने झिजले होते. ११ स्पीडला चेन ०.५ टक्के वाढली की बदलायची. मी ती ०.७५ च्याही पुढे नेली होती. चेन मोजायचं माप या गेजच्या दहावा हिस्सा किमतीत मिळतं, आणि ते मी आधी घ्यायला हवं होतं.

एकच सायकल आणि भरवशाचा मेकॅनिक असेल तर गेज घेऊ नका, त्याच्याकडे तो आहे का एवढंच विचारा. तिघा-चौघांत मिळून घेतला तर वसूल. माझा गेले तीन आठवडे दादरच्या मित्राकडे आहे. त्याची सायकल म्हणे अजून करकरतेय. त्याला वायर बघ म्हटलंय, तो हँगरच वाकवतोय.