तहसीलच्या अभिलेख कक्षातील नक्कल सेवा

१९५८ सालच्या एका फेरफाराची (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीची) नक्कल काढण्यासाठी मी आमच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात तीन खेटे घातले. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा कर्मचाऱ्यांनी तत्परतेने सोडून दाखवला, हे मान्य; पण सूचीत नोंदलेले पान त्यात नव्हते. अखेर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज केला, तेव्हा ३० दिवसांची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ते शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात सापडले. प्रति पान २ रुपये हा दर वाजवीच म्हणायला हवा. मात्र अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत असे २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ४ सांगत असूनही येथील सूची प्रत्यक्ष गठ्ठ्यांशी जुळवलेली नाही, त्यामुळे जाताना जमिनीच्या आताच्या गट क्रमांकासोबत तिचा जुना सर्व्हे क्रमांकही न्यावा.