टॅक्सिंगमध्ये दगा देणारा डावा ब्रेक आणि एका कार्यशाळेचे काम

आमच्या चार आसनी विमानाचा डावा ब्रेक टॅक्सिंग करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, दोन महिन्यांत तीनदा मऊ पडला. दोन्ही पेडलांचे वरचे टोक सारखेच दाबले तरी विमान उजवीकडे ओढले जाई, आणि डावे पेडल दोन-तीनदा झटपट दाबले की पकड परत येई. आधीच्या दुरुस्तीच्या ठिकाणी प्रत्येक वेळी तेल वर भरून नळीतील हवा काढली गेली. पेडल काही दिवस घट्ट लागे आणि दोष पुन्हा उद्भवे. उभ्या विमानांच्या रांगेतून वाट काढताना एका चाकाचा ब्रेक भरवशाचा नसणे किती भयंकर असते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. पार्किंग ब्रेकचाही आधार नव्हता, कारण तो त्याच नळ्यांतून त्याच कॅलिपरवर, म्हणजे चाकाची डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागावर, दाब देतो.

ज्या कार्यशाळेविषयी लिहीत आहे, तिथल्या तंत्रज्ञाने पाना हाती घेण्याआधी पेडलावर एकसारखा दाब धरून ठेवायला सांगितले. पेडल स्प्रिंगसारखे दबत असेल तर नळीत हवा असते. ते हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठेही तेल दिसत नसले, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलाच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, आतील सील तेल धरत नसते. आमचे पेडल खाली जात राहिले. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवरची ओ-रिंग (गोल रबरी सील) फुगून मऊ झालेली आणि काठावर फाटलेली निघाली, आणि कारणही तिथेच सापडले: कधीतरी मोटारीचे ब्रेक ऑइल त्यात ओतले गेले होते. या विमानातील नायट्राइल रबराची सील खनिज तेलापासून बनलेल्या लाल ५६०६ प्रतीच्या हायड्रॉलिक तेलासाठी असतात, आणि मोटारीचे ग्लायकोलयुक्त तेल त्यांची नासाडी करते. आमच्या विमानात प्रत्येक मास्टर सिलिंडरचा तेलसाठा वेगळा असल्यामुळे उजवी बाजू वाचली होती, तरीही त्यांनी ती उघडून पाहिली. डावीकडची सर्व सील बदलली, नळी धुतली आणि नवे तेल कॅलिपरकडून वर चढवले, म्हणजे बुडबुडे त्यांच्या स्वाभाविक दिशेनेच बाहेर पडतात.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्याही काढून साफ केल्या. हे काम आम्ही सांगितले नव्हते, पण त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पिन अडकली की लायनिंग, म्हणजे ब्रेकचा झिजणारा थर, डिस्कला घासत राहते, वैमानिक नकळत थ्रॉटल (इंजिनची शक्ती) वाढवतो आणि ब्रेक तापत जातो. ज्या विमानांचे पुढचे चाक मोकळे फिरते आणि ज्यांना ब्रेकनेच वळवावे लागते, त्यांच्यात ही उष्णता आग लागण्यापर्यंत जाऊ शकते.

एका बाबतीत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. लायनिंग ०.१०० इंचाच्या मर्यादेपर्यंत झिजल्यामुळे ती बदलली गेली, पण नव्या लायनिंगचे कंडिशनिंग, म्हणजे ती तापवून पकडीसाठी तयार करणे, करून दिले नाही आणि ते करायचे आहे असे सांगितलेही नाही. इंजिन तपासणीच्या वेळी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबूनही विमान पुढे सरकू लागले, तेव्हा मी थ्रॉटल बंद केला आणि परत आलो. आमच्या ऑरगॅनिक लायनिंगसाठी ब्रेकच्या पुस्तिकेतील पद्धत सोपी आहे: इंजिन १७०० आरपीएमवर ठेवून, ब्रेकने वेग ताशी ५ ते १० मैलांवर रोखत १५०० फूट टॅक्सी करायचे आणि मग १० ते १५ मिनिटे ब्रेक थंड होऊ द्यायचे. त्यानंतर ब्रेकने विमान पूर्ण शक्तीवर जागच्या जागी धरले. मी हे कार्यशाळेला लेखी कळवले आणि त्यांनी चूक मान्य केली.

त्यानंतरच्या सुमारे चाळीस तासांच्या उड्डाणांत डावे पेडल एकदाही खाली गेलेले नाही. पुढचे ब्रेकचे कामही मी त्यांच्याकडेच देईन. फक्त विमान ताब्यात घेताना कंडिशनिंग झाल्याची नोंद आधी पाहीन.