‘बॅटरी गेली’ म्हणून बाबांना गंडवलं. तुम्ही आधी टर्मिनल बघा

पंढरपूरहून साताऱ्याला येताना आई-बाबा वाटेत चहाला थांबले, आणि नंतर गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. हॉर्न मात्र खणखणीत वाजत होता.

शेजारच्या गॅरेजमधला एक जण मीटर घेऊन आला. बाबांना सेल्फ मारायला लावला आणि आकडा दाखवला, सात व्होल्ट. “काका, सेल शॉर्ट झालाय, बॅटरी गेली.” अंधार पडायला आला होता, आईचे गुडघे दुखत होते. ५,८०० रुपये मोजून ‘नवी’ बॅटरी घेतली. जुनी त्याने ठेवून घेतली, तिचा एक रुपयाही वजा केला नाही.

महिना-दोन महिन्यांत गाडी पुन्हा बंद. आमच्या इथल्या बॅटरीवाल्याने ‘नव्या’ बॅटरीचं वॉरंटी कार्ड पाहिलं, तर त्यावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी जुळेना. नवं स्टिकर सोलल्यावर खाली जुना नंबर घासलेला दिसला. रात्रभर चार्जिंगला लावून काही तास तशीच ठेवली, तरी ११.८ व्होल्ट. चांगली बॅटरी अशा वेळी १२.६ च्या आसपास दाखवते. जुनीच बॅटरी रंगवून विकली होती.

बाबांनी त्या दिवशी बॉनेटखालचा फोटो मला पाठवला होता. तो पाहून बॅटरीवाल्याने खरी गोम सांगितली. प्लसवर पांढरी-हिरवी बुरशी साचलेली, आणि मीटरची लाल पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, म्हणजे टर्मिनलवर नाही, तर वायरच्या क्लॅम्पवर. मधल्या थरातून हॉर्नपुरता करंट जातो, स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअर जात नाही. म्हणून सेल्फ मारताना क्लॅम्पवर सात दिसतात. खुंटावर पिन लावली असती तर दहाच्या वर दिसले असते. नवी बसवताना गॅरेजवाल्याने क्लॅम्प पॉलिश पेपरने घासले, असं बाबा सांगतात. गाडी त्या घासण्यानेच सुरू झाली! सगळ्यात संताप याचा, की त्याने ठेवून घेतलेली बॅटरी कंपनीच्या वॉरंटीत होती. खरंच बिघडली असती तरी फुकट बदलून मिळाली असती.

टर्मिनल साफ करायचं काम घरी अर्ध्या तासाचं आहे. गाडी बंद करून आधी मायनस काढा, मग प्लस. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडीही नको. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. झाकणं घट्ट हवीत, सोडा आत गेला तर अॅसिड मारतो. पुसून कोरडं करा, आधी प्लस, मग मायनस आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. कुणी ‘अॅसिड टाकतो’ म्हणालं तर टाकू देऊ नका.

रस्त्यात अडकलात तर सेल्फ मारताना पिन खुंटावर ठेवायला सांगा. दहाच्या वर आकडा असेल तर क्लॅम्प घासून पुन्हा सुरू करून बघा. वॉरंटी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बदलावीच लागली तर पक्कं बिल घ्या, त्यावर बॅटरीचा नंबर आणि जुनीची वजावट लिहून घ्या. बाबांकडे बिल नव्हतं, तरी फोटो आणि कार्ड जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.