प्लगिन बसवून देतो म्हणाला आणि २६,०४९ रुपये घेऊन गेला

आधी आकडे सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. ३,४९९, मग ७,८००, मग १४,७५०. एकूण २६,०४९ रुपये, एकाच दुपारी, दोन ते साडेचारच्या आत.

नौपाड्यात माझा गाण्याचा क्लास आहे. दिवाळी पहाटेसाठी मुलींच्या दोन गाण्यांचे ट्रॅक या वर्षी घरीच करायचं ठरवलं. त्यासाठी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ते साठ दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला. रेकॉर्डिंग जमलं, कापाकापी जमली. स्ट्रिंग्ज, पॅड वगैरे आवाज मात्र प्लगिनमधून, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमधून, आणावे लागतात आणि मी उतरवलेले प्लगिन रीपरच्या यादीत काही केल्या दिसेनात. दोन रात्री गेल्या. तेवढ्यात एक जाहिरात दिसली: २०० प्लगिन, लाइफटाइम, सेटअपसकट ३,४९९. फोन केला. स्वच्छ मराठी, अदबीने बोलणं. "ताई, काळजी करू नका, रोज दहा जणांचं करून देतो." चोरीचा माल आहे का, हे मी स्पष्ट विचारलं होतं. ग्रुप लायसन्स आहे, म्हणाला.

पैसे पाठवले, त्याने सांगितलेलं रिमोट अ‍ॅप टाकलं, अँटिव्हायरस बंद केला. होय, केला. नवीन प्लगिनला अँटिव्हायरस अडवतो असं मी आधी वाचलेलं होतं, म्हणून खटकलं नाही.

पण पुढचं खटकायला हवं होतं. माउसचा बाण आपोआप फिरत होता. त्याने ब्राउझर उघडला, सर्ज एक्सटी या प्लगिनचं पान काढलं, डाउनलोड दाबलं. मग व्हायटल या दुसऱ्या प्लगिनचं पान. तिथे एका चौकटीत इंग्रजीत 'फ्री' लिहिलेलं मी स्वतः वाचलं. विचारलंसुद्धा, "हे फुकटच आहे का?" तो म्हणाला, "ताई, ते डेमो असतं. फुल व्हर्जन माझ्याकडून अनलॉक होतं." आणि मी गप्प बसले! माझ्या डोळ्यांसमोर तो फुकटची वस्तू उचलून मला विकत होता. सर्ज एक्सटी ओपन सोर्स आहे, कुणालाही मोफत. व्हायटलची बेसिक आवृत्ती मोफत. तिथेच फोन ठेवला असता तर ३,४९९ वर सुटले असते. पण त्याने रीपर उघडलं, ट्रॅकवर सर्ज लावलं आणि की-बोर्डमधून आवाज आला. दोन रात्री जे जमलं नव्हतं ते त्याने पाच मिनिटांत केलं होतं. तुम्ही असता तर तुमचाही विश्वास बसला असता.

मग म्हणाला, उरलेल्या प्लगिनना आयलॉक (लायसन्स तपासणारी व्यवस्था) लागतो, खात्याचं रिफंडेबल डिपॉझिट ७,८००. आयलॉकचं खातं उघडायला एक रुपयाही लागत नाही, हे मला त्या रात्री कळलं. ते भरल्यावर पुढे म्हणाला, १४,७५० भरल्याशिवाय सिस्टीम रिफंड सोडत नाही. 'रिफंडेबल' हा शब्द ऐकलात की त्याच क्षणी थांबा. तेही भरले, स्क्रीन काळी झाली, "इन्स्टॉल चालू आहे, हात लावू नका." मी राउटरची वायर उपटली. त्याचा फोन बंद.

दीड तास त्यालाच फोन लावत बसले, तो दीड तास माझा सर्वांत महाग गेला. तुम्ही आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराला मिळणारा नंबर, हाताशी ठेवा.

बँकेत तीन टेबलं फिरले. शेवटच्याने मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम? मग व्यवहार तुमचाच." पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायला कुणाला कळवलं का, याचं उत्तर आजही नाही. पोलीस ठाण्यात प्लगिन म्हणजे काय हे चार वेळा समजावलं. मग हद्दीचा प्रश्न काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची असं लिहिलं आहे. हे वाचून दाखवलं तर साहेब म्हणाले, "आम्हाला कायदा शिकवू नका." वर, "चोरीचं सॉफ्टवेअर घेत होतात, म्हणजे तुम्हीही त्यातल्याच." दोन प्रती झेरॉक्स, उद्या या, परवा या. पाच खेपांनंतर अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. पैसे माझे गेले आणि जाब मीच द्यायचा, हा कुठला न्याय?

मशीनवर तो कुठे कुठे फिरला ठाऊक नाही, म्हणून विंडोज नव्याने टाकलं, त्याचे १,२०० वेगळे. पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, त्या मशीनवरून नको.

आणि मूळ अडचण? मी फाइल डाउनलोड्समध्येच ठेवली होती. ती व्हीएसटी३ या प्रकारच्या प्लगिनची असेल तर सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३ या फोल्डरमध्ये जायला हवी. मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लगिन्सखाली व्हीएसटी उघडून री-स्कॅन. भाच्याने फोनवर सांगितलं, मी केलं, दहा मिनिटं लागली.

त्याच भाच्याच्या मोबाइलवर काल ती जाहिरात पुन्हा आली. नंबर नवीन, शब्द तेच, दर आता २,९९९.