राजारामपुरीतील लॅटिनचा वर्ग : शिकवणे उत्तम, टिपणे सदोष

राजारामपुरीत दर रविवारी सकाळी भरणाऱ्या लॅटिनच्या एका खासगी वर्गाचे दहा आठवडे मी नुकतेच पूर्ण केले. लॅटिन क्रियापदाची चार मुख्य रूपे (वर्तमानकाळी, '-रे'ने संपणारे मूळ रूप, भूतकाळी आणि धातुसाधित) पाठ करावीच लागतात. पण पाठांतराआधी त्यांतले ध्वनी उलगडून दाखवणे ही या वर्गाची खरी जमेची बाजू आहे. पहिल्या गणातील, म्हणजे सारख्या पद्धतीने चालणाऱ्या क्रियापदांच्या पहिल्या गटातील, 'अमारे'चे भूतकाळी रूप 'अमावी' बहुधा ठरलेल्या वाटेने येते, तिसऱ्या गणात मात्र अंदाज चुकू लागतात. तेथे सरांनी फळ्यावर 'रेगो, रेक्सी, रेक्तुम' लिहिले आणि शेजारी आपले 'युज्, युक्त' मांडले. पुढे कठोर व्यंजन आले की ग् चा क् होतो, हे संस्कृत शिकलेल्याला वेगळे सांगावे लागले नाही. 'गेरो'चे 'गेस्सी' का होते, याचेही उत्तर मिळाले: मुळातला स् दोन स्वरांमध्ये सापडला तेथे र् झाला, व्यंजनापुढे तसाच राहिला. 'कुर्रो'चे 'कुकुर्री' असे द्वित्व का, हे मात्र ध्वनीवरून ठरत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

सर्वांत रंगलेला तास लघु-गुरूचा. 'कपिओ', 'फुगिओ' यांचे पहिले अक्षर लघु, म्हणून मूळ रूप 'कपेरे', 'फुगेरे'. 'औदिओ', 'दोर्मिओ' यांचे गुरू, म्हणून 'औदीरे', 'दोर्मीरे'. वृत्ते शिकलेल्या मराठी माणसाला हा नियम चटकन उमगतो. 'वेनिओ' लघु असूनही 'वेनीरे' होते, तो अपवाद.

तक्रार आहे ती छापील टिपणांबद्दल. ज्या वर्गात सगळा भर मात्रांवर, त्याच्या टिपणांत स्वरांवरील दीर्घत्वाची रेघ एकाही पानावर नाही. 'फुगित' म्हणजे पळतो आणि 'फूगित' म्हणजे पळाला. रोमन लिपीतील त्या टिपणांत दोन्ही एकच दिसतात, आणि गृहपाठात माझी चार वाक्ये त्यामुळेच चुकली. साडेतीन हजार रुपये फी घेतल्यावर एवढे मुद्रितशोधन व्हायला हवे होते.

अखेरीस मी सगळी रूपे देवनागरीत उतरवून घेतली. अ, इ, उ यांचा प्रश्न सुटला. ए आणि ओ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपल्या लिपीतही नाही, त्यामुळे 'लेगित' म्हणजे वाचतो की वाचले, हे दाखवायला माझ्या वहीत अजून पेन्सिलीची रेघच लागते.