बिबट्या फासकीत: तार तोडायची का डार्ट?

करमाळ्याच्या मेव्हण्याचा परवा फोन, दाजी उसाच्या कडंला कुणीतरी डुकरासाठी तारेची फासकी (फास) लावलीय, उद्या त्यात बिबट्याच घावला तर लांबून तार तोडून सोडायचा का डार्ट, म्हणजे बेशुद्धीच्या औषधाची सुई मारून, बेशुद्ध करायला लावायचा?

तार तोडायला खर्च नाही, लगेच होतं असं वाटतं. पण फासकी बहुतेक वेळा क्लच वायरची, जनावर जितकं ओढतंय तितकी कमरेत रुतत जाते आणि तुटली की पिसाळलेला बिबट्या नि आपल्यामध्ये फक्त हातभर पक्कड! शिवाय आतली जखम कुणी बघायची?

डार्टला वनखातं, डॉक्टर येईस्तोवर थांबावं लागतं, औषध चढायलाही 10-15 मिनिटं, वजनाचा अंदाज चुकला तर डोस चुकतो. पण जखम धुता येते, पिंजऱ्यात ठेवून उपचार होतात.

म्हणून फासकीत असला तर डार्टच, वनखात्याच्या 1926 हेल्पलाईनला फोन लावा नि मोबाईलवाली गर्दी हटवा. पिंजऱ्यात धडधाकट असला तर सुई कशाला, वनखात्याची माणसं जंगलात नेऊन, गाडीत बसून दोरीनं दार उचलतात. आणि ती रिकामी फासकी आजच वनरक्षकाला दाखव म्हटलं.