रिलेला तार मारून विकलेला सॅन्सुई

गेल्या पावसाळ्यात मी सॅन्सुईचा एयू-७१७ हा जुना ॲम्प्लिफायर घेतला. त्यात ४८ हजार रुपये गेले आणि वर काकांच्या स्पीकरचा उजवा वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, जळाला. पैसे नंतर अर्धेअधिक परत आले, ते कसे ते पुढे सांगतो. पण हा सेट ‘फुल रिस्टोअर्ड’ म्हणून ज्या पद्धतीने गळ्यात मारला गेला, तिला बळी पडलेला मी एकटा नाही. जुन्या सेटच्या नादातल्या माणसांना विचारलं की हीच कहाणी ऐकायला मिळते, फक्त मॉडेलचा नंबर वेगळा असतो. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आजच्या पोरांना सॅन्सुई म्हटलं की व्हिडिओकॉनने विकलेला टीव्ही आठवतो. तो नुसता नावाचा वापर. मूळची जपानी सॅन्सुई १९४७ सालची, आणि सत्तरच्या दशकात तिचे ॲम्प्लिफायर जगभर नावाजलेले होते. एयू-७१७ हा १९७७ च्या सुमाराचा, काळ्या तोंडाचा, चॅनेलला ८५ वॅटचा, उचलताना कंबर धरायला लावणारा. तेव्हा आपल्याकडे असा माल दुकानात मिळत नव्हता. आखातात नोकरीला गेलेले लोक किंवा बोटीवरचे खलाशी घेऊन यायचे. आमच्या काकांनी मस्कतहून पायोनियरचे स्पीकर आणले होते, दहा इंची वूफरचे. कडेला फोम नाही, कापडी सराउंड आहे, म्हणून ते अजून टिकले. फोम असता तर पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा झाला असता. त्या स्पीकरना शोभेल असा त्याच काळातला ॲम्प्लिफायर मला हवा होता.

विकणारा मुंबईकडचा. कंटेनरने जुना माल आणतो, धुऊनपुसून विकतो. बोलायला अतिशय गोड. “साहेब, जर्मनीचा पीस आहे, २२० व्होल्टवाला. सगळे कपॅसिटर नवे टाकलेत, आउटपुटला ओरिजिनल मोटोरोला. आपला मेकॅनिक तीस वर्षं हेच करतोय.” मोटोरोला म्हणजे त्या कंपनीचे आउटपुट ट्रान्झिस्टर, स्पीकरला ताकद देणारे. हे सगळं त्याने चॅटवर लिहूनही दिलं, आणि हे त्याचं लिहून देणंच पुढे माझ्या कामी आलं. फोटो एक नंबर होते. नॉब चकाचक, तोंडावर एक ओरखडा नाही, झाकण काढून आतला एक फोटो, त्यात नवे कोरे काळे कपॅसिटर ओळीने उभे. व्हिडिओ मागितला तर तोही लगेच आला. गाणं मस्त वाजत होतं.

त्या व्हिडिओत एक गोष्ट होती, आणि ती कुठल्याही विक्रेत्याच्या व्हिडिओत आधी बघावी: व्हिडिओ सुरू होतो तेव्हा सेट आधीपासूनच चालू असतो.

या दर्जाच्या ॲम्प्लिफायरचं बटण दाबल्यावर लगेच आवाज येत नाही. चार-पाच सेकंद शांतता, मग आतून ‘कट्’ असा आवाज, मग गाणं. तो आवाज प्रोटेक्शन रिलेचा, म्हणजे स्पीकर वाचवणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा. आउटपुटवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखं एकाच दिशेचं व्होल्टेज तर येत नाही ना, हे सर्किट तपासतं आणि सगळं ठीक असेल तरच रिले स्पीकर जोडतो. गडबड असेल तर रिले उचलतच नाही, सेट मुका राहतो. माझ्याकडे आलेला सेट बटण दाबताक्षणी वाजला. आवाजही छान होता. व्हॉल्यूम फिरवताना खरखर नाही, कारण नॉबमागच्या पॉटमध्ये गंज काढायचा स्प्रे मारलेला. त्याचा वास पहिले काही दिवस येत होता. त्या स्प्रेने काही आठवडे खरखर थांबते, मग आतला ट्रॅक आणखी बिघडू शकतो.

एका रात्री जेवणानंतर गाणी लावली होती. आवाज कमीच होता. अचानक ‘घूं’ झालं आणि उजव्या वूफरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, बाहेर आला. बाहेर आला तो मागे गेलाच नाही, तसाच ताणून राहिला. पाठोपाठ वॉर्निश जळाल्याचा वास. प्लग ओढेपर्यंत मधल्या टोपीच्या (डस्ट कॅपच्या) कडेने धूर निघाला होता. नंतर कोन बोटांनी हलकेच दाबून पाहिला तर आत खरखरत होता, आणि मल्टिमीटरवर कॉइल ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. शाबूत आठ ओमचा वूफर साधारण सहा-सात ओम दाखवतो, हा काहीच दाखवेना.

काय झालं असेल याचा हिशोब सोपा आहे. एवढ्या ताकदीच्या ॲम्प्लिफायरमध्ये सप्लायची रेल, म्हणजे आउटपुटला मिळणारं मुख्य व्होल्टेज, पन्नास व्होल्टच्या आसपास असते. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ती रेल थेट स्पीकरला मिळते. पन्नास व्होल्ट आणि साडेसहा ओम म्हणजे साडेतीनशे वॅटच्या वर, आणि डीसीचं गाणं होत नाही, त्याची नुसती उष्णता होते. टाके वितळवायला आपण पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरतो. इथे त्याच्या दहापटीहून जास्त उष्णता केसाएवढ्या तारेच्या कॉइलमध्ये.

सेट रिक्षात घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेला. हे मेकॅनिककाका बोलायला तुटक, पण हात सोन्याचे. त्यांनी झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि आधी म्हणाले, “फोटो काढून घे. मी हात लावायच्या आधी.” हा सल्ला लाखमोलाचा निघाला.

फोटोत दिसले होते तेवढेच मोठे कपॅसिटर नवे होते. खालच्या ड्रायव्हर बोर्डवर सगळे जुनेच, आणि त्यांच्या बुडाशी तपकिरी पडलेला गोंद. सत्तरच्या दशकातल्या सॅन्सुईचं हे ओळखीचं दुखणं. कारखान्यात पार्ट हलू नयेत म्हणून लावलेला हा गोंद जुना होऊन काळवंडतो, वीज वाहू लागतो आणि पायांना गंजवतो. ज्याने खरंच सेट रिस्टोअर केला तो सगळ्यात आधी हा गोंद खरवडतो. इथे त्याला कुणी हात लावला नव्हता.

फ्यूजच्या जागी फ्यूज होता, पण त्याच्यावरून तार गुंडाळलेली. आणि रिलेचा बोर्ड उलटा केल्यावर काका हसले. रिलेच्या कॉन्टॅक्टच्या दोन्ही पायांवरून जाड तार ओढून वर टाक्याचा गोळा ठेवलेला. म्हणजे रिले उचलो न उचलो, स्पीकर कायम जोडलेला. “रिले खराब नव्हता रे,” ते म्हणाले, “तो बरोबर सांगत होता की आत डीसी आहे. याने त्याचंच तोंड बंद केलं.”

राहिले ‘ओरिजिनल मोटोरोला’ ट्रान्झिस्टर. धातूच्या टोपीचे एमजे १५००३ आणि १५००४, वर ठसठशीत छाप. काकांनी शेजारच्या दुकानातून नेलपॉलिश रिमूव्हर मागवला, कापसाने पुसलं, छाप गेला. खऱ्या पार्टवरचा छाप सहसा असा निघत नाही. मग शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने टोपी कापली. आतली सिलिकॉनची चकती मसुरीच्या डाळीएवढी. खरा एमजे १५००३ हा २० अँपिअर, १४० व्होल्ट, २५० वॅटचा पार्ट आहे. एवढ्याशा चकतीला तो भार पेलणं शक्यच नाही. लहान पार्टवर मोठ्याचं नाव छापून विकायचा हा धंदा जुना आहे. बाजारात पाच-दहा पटीने स्वस्त मिळाला की समजून जायचं. पण इथे विक्रेत्याला तरी ते खोटे आहेत हे माहीत नसेल, असं क्षणभर मानू. रिलेवरची तार मात्र चुकून पडत नाही. ज्याने ती टाकली त्याला आत डीसी आहे हे माहीत होतं, आणि एवढ्यासाठीच मी याला निष्काळजीपणा म्हणायला तयार नाही. फ्यूज आणि रिले दोन्ही निकामी केलेला सेट घरात चालू ठेवून कुणी झोपी गेलं असतं तर वूफरवर निभावलं नसतं.

विक्रेत्याला फोन केला. आधी, “साहेब, जुनी वस्तू आहे, गॅरंटी कशी देणार?” मग, “तुमचे स्पीकर चार ओमचे असतील.” मग, “तुम्ही सेट उघडलात, आता माझी जबाबदारी संपली.” शेवटी, “सेट पाठवून द्या, बघतो मग.” सेट पाठवायचा नाही हे मी ठरवलं होतं. एकदा तो हातातून गेला की पुरावा गेला, आणि चार दिवसांत त्याच तारेसह दुसऱ्या कुणाच्या घरी पोचला असता. त्यानंतर त्याने नंबर ब्लॉक केला.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि एका वकील मित्राकडून साधी नोटीस पाठवली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात एक सोय आपल्याला फार उपयोगी आहे: ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पैसे त्याच्या दुकानाच्या नावावर यूपीआयने गेले होते, त्यामुळे ‘मी हौस म्हणून विकतो, व्यापारी नाही’ हे त्याला म्हणता आलं नाही. चॅटमधले त्याचे शब्द, रिलेचा फोटो आणि काकांनी बिलावर लिहून दिलेला निष्कर्ष, एवढं नोटिशीला जोडलं. त्याने आधी दहा हजारांची बोली लावली, मग २८ हजारांवर मिटलं, सेट माझ्याकडे ठेवून. माझ्या मते हे कमीच आहे. पण वूफरची कॉइल भरून घ्यायची होती आणि मला वर्षभर तारखा नको होत्या.

या सगळ्यानंतर माझं मत पक्कं झालंय. अनोळखी माणसाकडून ‘रिस्टोअर्ड’ घेण्यापेक्षा बंद पडलेला, पण कुणी न उघडलेला सेट घ्यावा. बंद सेटचा दोष एका ठिकाणी असतो आणि मेकॅनिकला तो सापडतो. अर्धवट हात मारलेल्या सेटमध्ये आधी दुसऱ्याचे उद्योग उलटे करावे लागतात, खर्चही जास्त येतो. चालू सेटच हवा असेल तर विक्रेत्याकडून बंद अवस्थेतून, न तोडता काढलेला व्हिडिओ मागा, ‘कट्’ कानाने ऐका, आणि आतला फोटो बोर्डच्या खालच्या बाजूचा मागा. वरचा फोटो सगळेच देतात. मागच्या पट्टीवर व्होल्टेजही बघा. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो, सोबत दिलेला हलका स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) बऱ्याचदा त्याला पुरा पडत नाही.

आणि असा सेट आत्ताच घरी येऊन पडला असेल तर स्पीकर लावू नका. मेकॅनिकच्या सिरीज बोर्डवर, शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून, सेट चालू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बटण बंद. मंद झाला तर सेट थेट मेनवर घ्यायचा, रिलेचा आवाज ऐकायचा आणि मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून सेटच्या मागे स्पीकर जोडायच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं माप घ्यायचं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आधी एखादा पडीक स्पीकर जोडा. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर सेट बंद करून झाकणाचे स्क्रू काढायच्या आधी फोटो काढायला लागा.